पाचव्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा : एक पेशंट, एक माशी आणि आतड्यातली न थांबलेली वाढ

१९८६ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क या कॅन्सर संस्थेतून एक केस रिपोर्ट छापून आला, जेमतेम चार पानांचा. पेशंट एकच. चाळिशीतला पुरुष, मोठ्या आतड्यात पॉलिप म्हणजे अस्तरावर उगवलेले मोड, निदान गार्डनर सिंड्रोम, आणि त्याशिवाय जन्मापासूनच शरीराची घडण बऱ्याच ठिकाणी चुकलेली, म्हणजे बौद्धिक वाढ कमी राहिलेली, दोन्ही किडन्या एकमेकींना जोडून घोड्याच्या नालेसारख्या झालेल्या, यकृताचा डावा भाग नाही, पित्ताशय नाही. हरेरा आणि त्यांच्या टीमने त्याची गुणसूत्रं बघितली तर पाचव्या गुणसूत्राच्या लांब हातामधला एक तुकडा गायब. रिपोर्टचा गाभा एवढाच.

मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आतड्याच्या बायोप्सी रोज हाताखालून जातात. हा रिपोर्ट मी शोधून वाचला तो घरच्या एका कारणाने, ते पुढे सांगते. पण वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये, कारण आतड्याचा कॅन्सर सुरू कसा होतो याबद्दल आज जे माहिती आहे त्यातलं बरंचसं याच हरवलेल्या तुकड्याचा माग काढताना हाती आलंय. आणि ते सगळं वाचून मला एक गोष्ट पक्की पटलीये, की आतडं घडवायचं जे काम गर्भात सुरू होतं आणि मरेपर्यंत चालू राहतं, त्याच कामाला "आता बास" म्हणणारं कोणी उरलं नाही की गाठीची सुरुवात होते.

आधी आजाराबद्दल. मोठ्या आतड्यात शेकडो, कधी हजारो पॉलिप होणारा एक आनुवंशिक आजार आहे, फॅमिलियल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस, डॉक्टर लोक एफएपी म्हणतात. साधारण दहा हजारांत एकाला होतो. पॉलिप बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात उगवायला लागतात, दिसायला लाल-गुलाबी मोड आल्यासारखे, आणि काहीच केलं नाही तर चाळिशीच्या आसपास त्यातल्या एखाद्याचा कॅन्सर होणार हे जवळपास ठरलेलं. त्याच आजारात जबड्याच्या हाडाला उंचवटे, कातडीखाली गाठी, जादा दात असं काही दिसलं की त्याला गार्डनर सिंड्रोम म्हणायचे, युटामधल्या एका घराण्याचा अभ्यास करून एल्डन गार्डनरने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वर्णन केलं म्हणून. आई किंवा वडील दोघांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला व्हायची शक्यता निम्मी. म्हणजे कुठला तरी एकच जीन बिघडलेला असणार हे लोकांना कधीचं कळलेलं, पण तो ४६ गुणसूत्रांपैकी कुठल्या गुणसूत्रावर बसलाय याचा कोणाला पत्ता नव्हता.

त्या काळात गुणसूत्रं बघायची म्हणजे काय काम असायचं ते सांगते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाटलीत दोन-तीन दिवस वाढवायच्या, विभागायच्या ऐन वेळी कोल्चिसिन घालून त्यांना तिथेच थांबवायचं, मग पातळ क्षाराच्या पाण्यात फुगवायच्या, फिक्स करायच्या आणि पिपेटने वरून थेंब स्लाइडवर सोडायचा, म्हणजे पेशी फुटून गुणसूत्रं मोकळी पसरतात. नंतर गिम्सा स्टेन, की काळे-पांढरे पट्टे उमटतात. फोटो काढायचा, प्रिंटवरून कात्रीनं एकेक गुणसूत्र कापायचं आणि जोड्या लावून कागदावर चिकटवायचं. पाचवी जोडी शेजारी शेजारी ठेवली की एक जण दुसऱ्यापेक्षा आखूड आहे हे डोळ्याला दिसायला लागतं, पण मधले नेमके कुठले पट्टे गेलेत हे सांगणं महाकठीण, कारण काही पट्टे एकसारखे दिसतात. हरेरांच्या टीमने ते लपवलं नाही. त्यांनी दोन शक्यता लिहिल्या, एक तर क्यू१३ ते क्यू१५ गेलंय नाहीतर क्यू१५ ते क्यू२२ (क्यू म्हणजे लांब हात, आकडा पट्ट्याचा). मला या रिपोर्टमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या म्हणून पुढच्याला कुठून कुठपर्यंत शोधायचं ते कळलं, आणि पाच वर्षांनी जीन सापडला तो दुसऱ्या शक्यतेच्या हद्दीत होता.

आणखी एक गोष्ट. आतड्याच्या डॉक्टरला पॉलिप दिसले, किडनीचं दुसऱ्या कोणाला दिसलं असतं, बौद्धिक वाढीचं तिसऱ्याला. एकाच माणसात हे सगळं का, हा प्रश्न एकत्र विचारला गेला म्हणून गुणसूत्रं बघायची वेळ आली. वेगवेगळ्या फायलीत राहिलं असतं तर राहिलंच असतं.

लंडनमध्ये वॉल्टर बॉडमर यांच्या टीमने ही केस वाचली आणि थेट पाचवं गुणसूत्र धरलं. त्यांच्या हाताशी सेंट मार्क्स हॉस्पिटलची पॉलिपोसिस रजिस्टर होती, १९२० च्या दशकापासून जपलेली, त्यात घराणीच्या घराणी नोंदलेली, कोणाला पॉलिप, कोणाला नाही, कोण कधी गेलं. अशा घरांतल्या लोकांचं रक्त घेऊन पाचव्या गुणसूत्रावरच्या खुणा तपासल्या, आणि १९८७ साली नेचर या नियतकालिकात जाहीर केलं की आजार आणि पाचव्या गुणसूत्राचा तो भाग बरोबरीने पुढच्या पिढीत उतरतात. त्याच अंकात त्यांच्याच सहकाऱ्यांचा, एलेन सॉलोमन आणि मंडळींचा दुसरा पेपर होता आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा. त्यांनी घराण्यात काहीच नसलेल्या साध्या पेशंटांचे आतड्याचे ट्यूमर घेतले, आणि त्यातल्याही पाचात एकापेक्षा जास्त ट्यूमरमध्ये पाचव्या गुणसूत्राचा तोच भाग हरवलेला निघाला. म्हणजे दहा हजारांत एकाला होणाऱ्या आजारातून जे कळत होतं ते शेजारच्या काकांच्या कॅन्सरलाही लागू होतं. युटातल्या रे व्हाइट यांच्या गटानेही त्याच वर्षी घराण्यांवरून तीच जागा दाखवली.

मग चार वर्षं शोधाशोध. १९९१ च्या ऑगस्टमध्ये दोन बाजूंनी एकदमच जीन हाती आला, एकीकडे जॉन्स हॉपकिन्सचे बर्ट व्होगेलस्टीन, केनेथ किन्झलर आणि टोकियोचे युसुके नाकामुरा, दुसरीकडे युटाचा गट. नाव ठेवलं एपीसी. २,८४३ अमिनो आम्लांचं भलंमोठं प्रोटीन बनवणारा जीन. पुढे कळलं की साध्या, घराण्यात नसलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही दहातल्या आठांत हा बिघडलेला असतो आणि तोही अगदी सुरुवातीला, मोहरीएवढा पॉलिप असतानाच.

पण हा जीन करतो काय? तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. ते सांगण्याआधी माझ्या टेबलावरचं आतडं दाखवते, नाहीतर पुढचं नुसतं नावांचं जंजाळ वाटेल.

कोलनची बायोप्सी म्हणजे तांदळाच्या कण्यांएवढे दोन-चार तुकडे. पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये नीट उभे बसवायला लागतात, आडवे पडले तर सगळं वाया, कारण डॉक्टरांना आतली रचना वरपासून खालपर्यंत बघायची असते. मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे सेक्शन कापायचे, रिबन कोमट पाण्यात सोडायची, सुरकुती न येऊ देता स्लाइडवर उचलायची, मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग. निरोगी कोलन असेल तर मायक्रोस्कोपखाली स्टँडमध्ये ओळीने लावलेल्या टेस्ट ट्यूब दिसतात तसं दिसतं. या खाचांना क्रिप्ट म्हणतात. सेक्शन आडवा गेला असेल तर त्याच क्रिप्ट गोल गोल फुलांसारख्या दिसतात, मध्ये छिद्र आणि भोवती पाकळ्या, पाकळ्यांमधे पांढऱ्या थेंबांसारख्या गॉब्लेट पेशी, म्हणजे चिकट म्यूकस बनवणाऱ्या. सगळं एका मापाचं, एका अंतराचं. माणसाच्या कोलनमध्ये अशा दीड कोटीच्या आसपास क्रिप्ट असतात.

क्रिप्टच्या अगदी तळाशी मोजक्याच स्टेम सेल असतात. त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकतात, सरकता सरकता ठरवतात की गॉब्लेट व्हायचं की पाणी शोषणारी व्हायचं, आणि तोंडाशी पोचल्या की गळून पडतात. हा प्रवास चार-पाच दिवसांचा. म्हणजे गेल्या आठवड्यात तुमच्या आतड्याला जे अस्तर होतं ते आज नाही, सगळं नवीन. गर्भात आतडं बनलं तेव्हाचं घडणीचं काम इथे कधी संपतच नाही, रोज चालू. आणि जे काम रोज चालू आहे त्याला रोज थांबवायलाही लागतं, वर पोचलेल्या पेशीने विभागणं बंद केलं पाहिजे.

आता ॲडेनोमॅटस पॉलिपची, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या ॲडेनोमाची स्लाइड. तिथेही क्रिप्ट आहेत पण वाकड्यातिकड्या, फाटे फुटलेल्या, एकमेकींना खेटलेल्या, आणि न्यूक्लियस लांबट, गडद जांभळे, पेन्सिली एकत्र बांधाव्यात तसे दाटीने उभे. गॉब्लेट पेशी जवळपास नाहीतच. नवशिक्या असताना मला वाटायचं की हे काहीतरी भलतंच, परकं दिसतंय. मग सीनियर मॅडमनी एकदा निरोगी क्रिप्टचा तळ हाय पॉवरला लावून दिला आणि म्हणाल्या, हे बघ आणि ते बघ. तळाशीही न्यूक्लियस गडद, दाटी, विभागणाऱ्या पेशी. पॉलिपच्या माथ्यावर जे चाललं होतं ते क्रिप्टच्या तळाशी रोज चालतं. जागा चुकली होती. तो दिवस मला अजून आठवतो.

आता माशी. एपीसी काय करतो याचं उत्तर एकट्या कॅन्सरच्या लॅबमधून आलं नाही, त्याचा एक धागा फळमाशीच्या पंखांवरून आला, आणि त्याची सुरुवात आपल्या दिल्लीत झाली हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असेल याचं मला फार वाईट वाटतं. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत, पुसा म्हणतात ती, आर. पी. शर्मा यांना ड्रोसोफिला माशीत, म्हणजे याच फळमाशीत, एक नवा म्यूटंट म्हणजे जीन बदललेला प्रकार सापडला. काही माश्यांना एक पंख नाही, काहींना दोन्ही नाहीत, आणि पंखाच्या जागी पाठीचा भाग परत एकदा बनलेला, आरशात बघावा तसा. १९७३ साली त्यांनी त्याची नोंद छापली, नाव दिलं विंगलेस. १९७६ मध्ये शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांचा सविस्तर पेपर आला. कॅन्सरचा त्यात संबंध नाही, माशीच्या शरीरात कुठला भाग कुठे घडायचा हे कसं ठरतं एवढाच प्रश्न.

इकडे १९८२ साली कॅलिफोर्नियात रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस उंदरांच्या स्तनाच्या ट्यूमरवर काम करत होते. एक व्हायरस उंदराच्या डीएनएत शिरून एका विशिष्ट जीनच्या शेजारी बसला की ट्यूमर होतो असं दिसलं, त्या जीनला त्यांनी इंट-१ म्हटलं. आणि १९८७ साली नुसे यांच्या ॲमस्टरडॅमच्या लॅबने शोधून काढलं की उंदराचा इंट-१ आणि माशीचा विंगलेस हा एकच जीन आहे. एकात बिघडला तर पंख येत नाही, दुसऱ्यात नको तिथे चालू झाला तर गाठ येते. दोन नावं जोडून विंट हे नाव झालं. हा सगळा विषय आज जगभर ज्या नावाने ओळखला जातो त्यातलं पहिलं अक्षर पुसाच्या माशीचं आहे.

विंट हा एका पेशीने दुसरीला द्यायचा निरोप आहे, "वाढ, विभागत राहा" असा. निरोप पेशीच्या आत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन पोचवतं, ते न्यूक्लियसमध्ये जाऊन वाढीचे जीन चालू करतं. निरोप आलेला नसेल तेव्हा बीटा-कॅटेनिन साठून चालत नाही, म्हणून पेशीत त्याला पकडून नष्ट करणारी एक टोळी असते. १९९३ मध्ये दोन गटांनी दाखवलं की एपीसी बीटा-कॅटेनिनला धरतो. एपीसी या टोळीतलाच. तो नसेल तर बीटा-कॅटेनिन साठतच जातं आणि बाहेरून कोणी निरोप पाठवलेला नसतानाही पेशी आपली विभागत राहते, वर सरकली तरी.

हे कागदावरचं झालं, पण आतड्यात खरंच असं आहे का हे दाखवलं नेदरलँड्सच्या हान्स क्लेवर्स यांच्या गटाने, आणि हे काम मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात देखणं वाटतं. १९९८ साली त्यांनी उंदरातून टीसीएफ-४ हा जीन काढला, म्हणजे बीटा-कॅटेनिन न्यूक्लियसमध्ये ज्याच्या खांद्यावर हात ठेवून काम करतं तो जोडीदार काढून घेतला, तर पिल्लं जन्मल्यावर लगेच मेली आणि त्यांच्या लहान आतड्यात विभागणाऱ्या पेशीच नव्हत्या. निरोप बंद तर आतड्याचं अस्तर टिकत नाही, निरोप सतत चालू तर पॉलिप, मधोमध आपण सगळे जगतो. २००७ मध्ये याच गटाने स्टेम सेलची खूण शोधली, एलजीआर-५. २००९ मध्ये तोशिरो सातो यांनी अशी एकच पेशी जेलमध्ये ठेवली आणि तिच्यापासून छोटं आतडं वाढवलं, खाचाबिचांसकट, त्याला ऑर्गॅनॉइड म्हणतात. माणसाच्या निरोगी कोलनच्या पेशींना अशा डिशमध्ये जगवायला विंट बाहेरून घालावं लागतं, नाही घातलं तर त्या मरतात. ॲडेनोमाच्या पेशींना घालावं लागत नाही. एका डिशवरून दुसरीकडे बघितलं की एपीसी काय करत होता ते कळतं.

आता परत बफेलोच्या त्या माणसाकडे, कारण इथे एक गैरसमज होऊ शकतो आणि मलाही पहिल्यांदा झाला होता. एपीसी घडणीच्या कामातला जीन, त्या माणसाची घडण बिघडलेली, म्हणजे किडनी, यकृत, पित्ताशय हे सगळं एपीसीमुळेच, असं वाटतं. तसं नसावं. एफएपीच्या बाकीच्या पेशंटांचाही एक एपीसी जन्मापासून बिघडलेलाच असतो आणि त्यांच्या किडन्या, यकृत व्यवस्थित असतात. या माणसाचा हरवलेला तुकडा मोठा, मायक्रोस्कोपखाली दिसण्याएवढा मोठा, त्यात एपीसीच्या शेजारचे कितीतरी जीन गेले, बाकीच्या अवयवांचा हिशेब बहुतेक त्यांच्याकडे लागतो. पण एपीसीची स्वतःची घडणीतली खूणही शरीरावर असते, ती बारीक असते. एफएपीच्या बऱ्याच लोकांच्या डोळ्याच्या पडद्यावर जन्मापासून काळसर डाग असतात, नजरेला काही त्रास नाही, डोळ्यांच्या डॉक्टरला भिंगातून दिसतात. जादा दात, जबड्याचे उंचवटे हेही त्यातलेच. म्हणजे पॉलिप यायच्या कितीतरी वर्षं आधी, आईच्या पोटात असतानाच, अर्धी कमी पडलेली एपीसी कुठे कुठे आपली खूण ठेवून गेलेली असते.

आणि दोन्ही एपीसी सुरुवातीपासूनच नसतील तर? उंदरात हे बघितलंय, तसा गर्भ अगदी पहिल्या काही दिवसांतच संपतो, शरीराचे थर पडायच्या आत. एकच गेला तर बाळ जन्मतं, वाढतं, शाळेत जातं, आणि मग आतड्यातल्या कोट्यवधी क्रिप्टपैकी एखादीतल्या एखाद्या स्टेम सेलचा दुसराही एपीसी जातो. तिथून पॉलिप. आपल्यासारख्यांचे दोन्ही शाबूत असतात म्हणून एकाच पेशीत दोनदा अपघात व्हावा लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून पॉलिप आपल्याला उतारवयात आणि त्यांना शाळा-कॉलेजच्या वयात. अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून जो दोन घावांचा हिशेब मांडला होता तोच इथे लागू पडला.

२०१५ सालचा न्यूयॉर्कच्या स्कॉट लो यांच्या लॅबचा प्रयोग मी तीनदा वाचला. लुकास डाउ आणि सहकाऱ्यांनी असा उंदीर तयार केला की औषध दिलं की एपीसी दबतो, औषध थांबवलं की परत चालू होतो. औषध दिलं, पॉलिप आले. मग थांबवलं. काही दिवसांत पेशी विभागायच्या थांबल्या, दोन आठवड्यांत गाठी विरल्या, आणि ज्या पेशी गाठीत होत्या त्यांच्यापासून परत निरोगी क्रिप्ट बनल्या, गॉब्लेट वगैरे सगळं परत. केरास आणि पी-५३ हे आणखी दोन जीन बिघडवून खऱ्या कॅन्सरपर्यंत नेलेल्या उंदरांतही हेच घडलं. माझ्यासारखीने आयुष्यभर स्लाइडवर ॲडेनोमा एकाच दिशेने जाताना बघितलाय, लो ग्रेड, मग हाय ग्रेड म्हणजे कॅन्सरच्या उंबरठ्यावरचा, मग इनव्हेजिव्ह म्हणजे खोल घुसलेला कॅन्सर. उलट येताना कधी नाही. हे उंदरांत झालंय, माणसात एपीसी असा परत चालू करणारं औषध आज नाही, आणि विंट सरसकट बंद करायला गेलं तर निरोगी क्रिप्टही उपाशी मरतात म्हणून तो मार्ग अवघड आहे. तरी पण गाठीतली पेशी क्रिप्ट बनवायचं विसरलेली नसते, हे त्या प्रयोगाने दाखवलं आणि ते मला मोठं वाटतं.

सुरुवात किती लवकर होते यावर आता जिनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचून बरंच कळायला लागलंय. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटने ४२ लोकांच्या आतड्याच्या निरोगी भागातून लेझरने एकेक क्रिप्ट कापून काढली, दोन हजारांवर क्रिप्ट, आणि त्यातल्या शेकडो क्रिप्टचा पूर्ण जिनोम वाचला. पन्नाशी-साठीतल्या माणसांच्या निरोगी दिसणाऱ्या क्रिप्टपैकी साधारण शंभरात एकीत कॅन्सरकडे नेऊ शकणारा बदल होताच. माझ्या मायक्रोस्कोपखाली त्या सगळ्या नॉर्मलच दिसल्या असत्या. त्यातल्या जवळपास सगळ्या तशाच राहतात, कॅन्सर फार फार थोड्या होतात.

आणि तरुणांमधला कॅन्सर. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये आतड्याचा कॅन्सर बऱ्याच देशांत वाढतोय, आणि त्यातल्या बहुतेकांना एफएपी वगैरे काही नसतं. आतड्यातल्या ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात, ते डीएनएवर ठरावीक प्रकारची जखम करतं. २०२० मध्ये क्लेवर्स यांच्याच गटाने ऑर्गॅनॉइडमध्ये हे जंतू पाच महिने परत परत सोडून ती जखम नेमकी कशी दिसते ते वाचून ठेवलं. मग २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ ट्यूमरचे जिनोम वाचले तेव्हा हीच खूण चाळिशीच्या आतल्या पेशंटांमध्ये सत्तरीपुढच्यांपेक्षा तिपटीहून जास्त वेळा सापडली, आणि ही जखम बहुधा लहानपणीच झालेली असते असा त्यांचा हिशेब आहे. खूण सापडणं म्हणजे कारण सिद्ध होणं नाही, हे लक्षात ठेवूनच वाचावं. पण जखमा झालेल्या जागांमध्ये एपीसी परत आहेच.

आता घरचं. माझा आतेभाऊ, वय २४. दीड वर्षं शी करताना रक्त जात होतं, मूळव्याध म्हणून मलम आणि इसबगोल चालू होतं, घरात कोणी विचारायलाही तयार नाही कारण विषयच असा. आत्याने शेवटी मला फोन केला की तू त्या लाइनमध्ये आहेस तर बघ जरा. कोलोनोस्कोपी केली, डॉक्टरांनी शंभरनंतर पॉलिप मोजायचे सोडून दिले. बायोप्सी आमच्याकडे आली नाही, पण मी स्लाइड मागून बघितली, त्या पेन्सिलींची दाटी बघताना हात गार पडले. कॅन्सर नव्हता, हाय ग्रेड एका जागी होता.

मग जीन टेस्ट. रक्त दिलं, तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, एपीसी निगेटिव्ह. काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, तो रिपोर्ट देवासमोर ठेवला. धाकट्या बहिणीला काही करायची गरज नाही असं घरात ठरूनही गेलं. मला ते पटेना, शंभर पॉलिप आणि निगेटिव्ह हे जुळत नव्हतं, म्हणून रात्री बसून वाचत गेले आणि वाचता वाचता बफेलोच्या माणसापर्यंत पोचले. तेव्हा कळलं. साधं सिक्वेन्सिंग जीनची अक्षरं वाचतं. एका एपीसीतला भला मोठा तुकडाच नसेल तर मशीनला वाचायला दुसरा, शाबूत एपीसी मिळतो, तो बरोबर वाचला जातो आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. त्या १९८६ च्या माणसाचं रक्त आज नुसतं अशा टेस्टला लावलं तरी तेच होईल. तुकडा गेलाय का हे बघायला वेगळं मोजायला लागतं, जीनच्या प्रत्येक भागाच्या प्रती दोन आहेत की एक. त्यासाठी एमएलपीए नावाची टेस्ट आहे, बरेच जीन एकदम तपासणाऱ्या नवीन पॅनेलमध्ये कधी कधी हे मोजणं आत असतं, कधी नसतं, आणि ते रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आमच्या रिपोर्टवरही होतं, "मोठे डिलीशन-ड्युप्लिकेशन या चाचणीत तपासलेले नाहीत". सांगितलं मात्र कोणी नाही.

जेनेटिक काउन्सेलर मॅडमकडे गेलो, त्यांनी पहिल्यांदा ते शेवटचं पानच उघडलं. एमएलपीए झाली आणि एपीसीचे सलग काही भाग एकाच प्रतीत निघाले. तुकडा बफेलोच्या माणसाएवढा मोठा नाही, कुठल्याही मायक्रोस्कोपखाली दिसला नसता. नंतर आत्या आणि काका दोघांची टेस्ट झाली, काकांकडून आलंय. काकांचे वडील चाळिशीत "पोटाच्या दुखण्याने" गेले होते, त्या दोन शब्दांत आमच्या घरात तीस वर्षं तो विषय मिटलेला होता. काकांची कोलोनोस्कोपी त्याच आठवड्यात झाली. भावाचं मोठं आतडं काढायचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, आता दिवसात चार-पाच वेळा जायला लागतं, बाकी ऑफिस चालू आहे, चिडचिड आहे, ती असणारच.

धाकटी १६ वर्षांची आहे. तिने स्वतः काउन्सेलर मॅडमना विचारलं की माझ्या डोळ्यांत ते डाग आहेत का हे आधी बघता येईल का, कारण ते दुखत नाही. मॅडम म्हणाल्या बघूया, पण डाग नसले म्हणून तू सुटलीस असं होत नाही, रक्त द्यावंच लागेल. गेल्या सोमवारी दिलंय. या वेळी फॉर्मवर डिलीशनच्या चौकटीत टिक केलीये का ते आत्याने काउंटरवर उभं राहून स्वतः बघून घेतलं.